गारवाकाकांच्या घरचा एसी

लोकांचे एसी दुरुस्त करण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या गारवाकाकांच्या स्वतःच्या एसीचं झाकण तो बसवल्यापासून कुणी उघडलं नव्हतं. घरच्या गिऱ्हाइकाला फोन करावा लागत नाही, त्यामुळे त्याची तक्रार कधी नोंदवलीच जात नाही.

आज ती नोंदवली गेली. पोटाचं ऑपरेशन होऊन काकू सकाळीच घरी आल्या होत्या. टाक्यांना घाम लागू देऊ नका, खोली थंड ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि ऐन दुपारी आतलं मशीन कोमट वारा घालत होतं, बाल्कनीतलं ढिम्म. खोली थंड झाली नाही तर काकूंना नणंदेकडे हलवायचं ठरलं होतं. नणंदेकडे एसी उत्तम होता. त्याखाली नणंदही होती.

काकांनी मेन स्विच पाडला आणि बाहेरच्या युनिटचं झाकण काढलं. कॉम्प्रेसरला सुरू होताना जोर देणारा कपॅसिटर पुरीसारखा फुगला होता. पिशवीतला नवा बसवला. हे काम ते झोपेतही करत. आज मात्र स्क्रू सारखे हातातून निसटत होते. मग मेन चालू करून रिमोट दाबला. काही नाही. बंद, चालू. बंद, चालू. बाहेरचं युनिट हूं की चूं करेना.

ते पडलेल्या चेहऱ्याने दारात आले. "कॉम्प्रेसर गेला गं. आज काही होत नाही. ताईला कळवतो."

डोळे न उघडता काकू म्हणाल्या, "आधी त्या रिमोटवरचा हात काढा."

"अगं, पण..."

"सारखं चालू-बंद केलं की मशीन हटून बसतं, मॅडम. बंद झालेलं लगेच उठत नाही ते. दम खाऊ द्या त्याला. तोवर तुम्ही चहा घ्या."

हुबेहूब काकांचा आवाज. घास तोंडात असल्यासारखा, 'मॅडम'सकट. काका थक्क झाले.

"तू हे कधी शिकलीस?"

"शिकते कशाला? तुम्ही रोज जेवताना फोनवर कुणाला तरी शिकवता. मी तुमचं ताट गार होताना बघते. आता बटण चालूवर आहे ना? मग तो रिमोट इकडे आणा."

रिमोट काकूंनी उशीखाली घातला. उगाच विश्वास कशाला टाका!

काका खुर्चीवर बसले. ही बाई इतकी वर्षं समोर बसून भाजी वाढते आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"जुना कपॅसिटर काढण्याआधी त्यातला करंट उतरवला होता ना?"

"हो," काका परीक्षेला बसल्यासारखे म्हणाले.

"पंख्याची वायर मोकळी तर नाही राहिली?"

"नाही गं."

"बघितलीत, की आपलं वाटतंय?"

"बघितली."

खोलीत काही हललं नाही. मग बाल्कनीत खट्ट झालं आणि मागोमाग घरघर सुरू झाली. आतल्या वाऱ्याचा कोमटपणा मोडला. मशीन चालू होण्याचं काकांना नवल नव्हतं. ते काकूंकडे बघत राहिले. एवढा मोठा कारखाना शेजारी चालू होता आणि आपल्याला आवाज कसा आला नाही!

"बघताय काय? गारवा जातोय. दार लावा."

काकांनी दार लावलं, पण स्वतः बाल्कनीत जाऊन. युनिटचा गरम झोत थेट तोंडावर येत होता. तिच्या खोलीतला सगळा उकाडा. ते त्याच्यासमोर हात जोडल्यासारखे उभे राहिले, घामाने निथळत, आणि बाजूला सरायचं त्यांच्या मनातही आलं नाही.