सर्वज्ञ आणि थर्मासचं झाकण

आमच्या थर्मासच्या कारखान्यातल्या विक्रीप्रमुखाला आम्ही पाठीमागे 'सर्वज्ञ' म्हणायचो. तो मालकाचा मेहुणा, आणि तेवढीच त्याची लायकी. बहिणीच्या लग्नाबरोबर त्याला खुर्ची मिळाली आणि त्या दिवसापासून त्याने नवं काही शिकणं सोडलं.

माझं काम परत आलेल्या मालाच्या खोलीत. छतापर्यंत थर्मास रचलेले, निम्म्यांच्या झाकणांवर सुरीचे, पकडीचे ओरखडे. एकदा धीर करून त्याला दाखवले.

"लोकांना वापरायची अक्कल नाही," तो म्हणाला. "सूचना मोठ्या अक्षरांत छापा."

छापल्या. माल येतच राहिला. मग त्याने रंग बदलला, मग खोका. मी गप्प बसलो. नोकरी प्यारी होती. मीही काही धुतल्या तांदळाचा नव्हतो.

शेवटी मालकांनी बाहेरून एक डिझायनर बाई बोलावल्या. जेवणाच्या सुट्टीत सर्वज्ञ सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "बावीस वर्षं थर्मास विकतोय मी. ही चित्रं काढणारी मला शिकवणार?"

बाईंनी एकही चित्र काढलं नाही. चार दिवस माझ्या खोलीत स्टुलावर बसून झाकणं चाचपत राहिल्या. "हा ओरखडा कशाने पडला असेल?" असं त्या खोलीत मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी सांगतच सुटलो.

पाचव्या दिवशी त्यांनी सहा म्हातारी माणसं जमवली. त्यांत मालकांची आईही होती. प्रत्येकापुढे एक थर्मास ठेवून बाई म्हणाल्या, "उघडा."

आईंनी पिळलं, रुमाल गुंडाळून पिळलं, शेवटी हात टेकले.

"घरी कोण उघडतं?" बाईंनी विचारलं.

"सून. ती बाहेर गेली की मी चहावाचून बसते."

मालकांनी मान खाली घातली. सर्वज्ञाला मात्र राहवेना. "आई, वय झालं की ताकद जायचीच. त्याला कंपनी काय करणार?"

"माझी ताकद गेली रे," म्हातारी म्हणाली, "पण तुझं डोकं कुठे गेलं?"

नव्या झाकणाला धरायला दोन रुंद कान आले. अर्ध्या फेऱ्यात उघडू लागलं. सहा महिन्यांत माझ्या खोलीची भिंत दिसायला लागली. दुसरा कुणी शरमेने मेला असता. हा गडी तेच झाकण घेऊन दुकानदारांकडे फिरला, "माझ्या डोक्यात हे केव्हाचं होतं!"

जाता जाता बाईंनी मालकांना एक गोष्ट पटवली: दर सोमवारी तक्रारी मी वाचून दाखवायच्या, सगळ्यांसमोर. पहिल्याच सोमवारी सर्वज्ञाने मला मध्येच तोडलं, "अहो, ते मला माहीत आहे."

मालक त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "तुम्ही वाचा पुढे."

मी वाचत राहिलो. सगळी पानं.