न सुजलेला पाय

डॉक्टरीणबाईंनी चादर बाजूला केली तेव्हा माझ्या धाकट्या जावेचा, इंदूचा, पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. वास येत होता. आणि ती मला समजावत होती, "अक्का, माले दुखत नही." पाय कापला, तरी तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या त्या दवाखान्यातच ती गेली.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. सोमवारी बायका तिला डोक्यावर घेऊन अनवाणी नदीवर विसर्जनाला नेतात. यंदा इंदूला तो मान हवा होता, पण गुडघे धरलेले. मग दोंडाईच्याच्या बाजारात बसणाऱ्या एकाकडून ती औषधाच्या पुड्या आणू लागली. पाटी नाही, शिक्षण नाही, पण पुडी घेतली की बाई पळायची. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, देवीनेच पाय दिले. इंदूही तेच म्हणाली. कानबाई डोक्यावर घेऊन ती नाचली, मी मागून चालले. नदीच्या वाटेवर कुणीतरी कुंपणाच्या बाभळी तोडून टाकल्या होत्या. दोघींच्या पायात काटे मोडले.

माझा पाय सुजला, लाल झाला, ठणकला. मी घर डोक्यावर घेतलं. इंदू हसून पोरांना सांगायची, "अक्काना पाय दखा, भरीतनं वांगं व्हई गयं." तिच्या पायाला सूज नाही, लाली नाही. नुसतं एक ओलं भोक, ते भरेना. घरात सगळे म्हणाले, इंदूचं अंग चांगलं, अक्काचंच नासकं. भोक भरावं म्हणून तिने पुड्या वाढवल्या...

नंतर डॉक्टरीणबाईंनी मला बसवून सांगितलं. जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. आधी जंतू मारतात, मेलेलं मांस खाऊन जागा साफ करतात. सूज आणि ठणका म्हणजे त्यांचंच काम चाललेलं. साफसफाई उरकली की त्यातल्याच पेशी पालटतात आणि नवं मांस भरायला लावतात. पुडीत स्टेरॉइड होतं. नीट देखरेखीखाली दिलं तर तेही औषधच, पण असं खाल्लं की या पेशी थंड पडतात. वर रक्तातली साखर वाढते, ती वेगळीच. मी म्हटलं, पण तिला सूज तर नव्हती. त्या म्हणाल्या, "आजी, सूज नव्हती, कारण मदतीला कुणी आलंच नव्हतं."

दहाव्याला लोक म्हणाले, कानबाईने बोलावून घेतलं. मी त्यांना म्हटलं, देवीला मध्ये आणू नका. पुडीवाला त्याच जागी बसतो. मी ओरडले तर त्याने मलाच विचारलं, गुडघे कसे आहेत आजी?

इंदू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान होती. घरात ज्या पायाला नावं ठेवली, तो भरला. मी जिवंत आहे.