चिठ्ठीवर यजमानाचं नाव

जर्मनीतली आठवण म्हटल्यावर तुम्ही बर्फ, बिअर, राजवाडे यांची वाट बघत असाल. बघत बसा. माझी आठवण एका कागदी चिठ्ठीची आहे, आणि ती आठवली की अजून डोकं फिरतं.

एर्लांगेनला माझ्या खोलीत एक ज्युनियर राहायचा. नवा नवा आलेला. वोनुंग, म्हणजे भाड्याचं घर, मिळेना, म्हणून जमिनीवर त्याची गादी. घरमालकीण किचनला हात लावू द्यायची नाही. मग तिथल्या मराठी मंडळींनी त्याचे वार लावून दिले. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. रविवार काकांकडे. काका म्हणजे तिथे मुरलेले इंजिनियर, 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हटल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही.

एका रविवारी काका-काकूंसकट आम्ही सगळे रिजनल ट्रेनने शेजारच्या गावातलं छोटंसं ज्यू म्युझियम बघायला गेलो. गाईड आजींनी काचेखालची चिठ्ठी दाखवली. काही शतकांपूर्वी गावात कुणी गरीब ज्यू वाटसरू आला, की दानधर्माचं काम बघणारा माणूस त्याला अशी चिठ्ठी द्यायचा. शब्बाथला, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या पवित्र दिवशी, कुणाच्या घरी जेवायचं, ते त्यावर. तिला म्हणे 'प्लेट' म्हणायचे. ताटली नव्हे, चिठ्ठीच. त्यावर नाव यजमानाचं. जेवणाऱ्याचं नाहीच.

"संत नव्हते हं ते," आजी म्हणाल्या. "शब्बाथ संपला की पुढच्या गावाला पिटाळायचे. पण दारात हात पसरावा लागायचा नाही, चिठ्ठी दाखवली की झालं."

"आल्झो, हे तर आपलं वार लावून जेवणं!" काका ओरडले.

इथवर माणूस बरोबर होता. मग त्यांनी ज्युनियरचा दंड धरला, त्याला काचेपुढे ओढलं आणि आजींना जर्मनमध्ये सांगितलं, "हा आमचा गरीब वाटसरू. दर रविवारी माझ्याकडे जेवतो." वर आम्हाला मराठीत, "मागच्या खेपेला सात पोळ्या! हिला परत कणीक मळावी लागली." सगळे हसले. काकांनी फोन काढला. "चिठ्ठीजवळ उभा राहा रे. हस!"

तो हसला. कान लालभडक.

माझी सटकली. नकला करून शाळेत हेडसरांच्या छड्या खाल्लेला माणूस मी, शिकलो काहीच नाही. पोट पुढे काढलं, काकांचा आवाज लावला, "आल्झो, या, या! हा माझा रविवार. हात लावून बघा, माझ्याच तुपावर पोसलाय. गेनाऊ, अगदी बरोबर! दात बघायचेत? तोंड उघड रे!"

लोक खो खो हसले. काकांचा फोन तसाच वर.

"काका," मी माझ्या आवाजात म्हणालो, "याला वार लावणं नाही, वार करणं म्हणतात."

काकू एवढंच म्हणाल्या, "चला, गाडी चुकेल."

परतीच्या ट्रेनमध्ये मला झापलं ते काकांनी नव्हे, ज्युनियरने.

"दादा, तुला सांगितलं होतं कुणी? काका बोलले, दोन मिनिटांत लोक विसरले असते. तू मला बाजारातला बैल केलास. लोक कुणाला हसले, काकांना?"

"अरे, मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी काही करू नकोस! काकूंनी सकाळीच माझ्यासाठी भरली वांगी करून ठेवलीत. आता कुठल्या तोंडाने जाऊ त्यांच्याकडे? सांग ना. का त्याचीही नक्कल करून दाखवतोस?"