शेवटची तारीख आणि माझी फायरवॉल

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. वीस कॉम्प्युटर आणि इंटरनेटची एकच लाइन. बाहेरून व्हायरस यायचे, आत कोणीही काहीही उघडून बसायचं. म्हणून ऑफिसने टाकून दिलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर मी ओपन-सोर्स फायरवॉल बसवली. लाइन आधी त्या डब्यात यायची आणि मी लिहिलेल्या नियमांतून गाळून मग लॅबमध्ये जायची. आमच्या विभागप्रमुख सरांना ते पटलं नव्हतं.

"फुकटचं सॉफ्टवेअर. बिघडलं तर फोन कोणाले लावायचा?"

"मले लावा सर," मी तोऱ्यात म्हटलं होतं.

नर्सिंगच्या ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख होती. दुपारी चारला साइट बंद होणार. त्या दिवशी सकाळीच वीज गेली आणि थोड्या वेळाने यूपीएसनेही मान टाकली. साडेबाराला वीज आली, सगळ्या मशिनी सुरू झाल्या, पण एकाही कॉम्प्युटरवर एकही पान उघडेना.

दाराजवळच्या बाकावर परसवाड्याहून आलेला एक शिंपी आणि त्याची बारावी झालेली मुलगी बसली होती. बाजारातल्या कॅफेत गर्दी मावत नव्हती, म्हणून कोणीतरी त्यांना कॉलेजात पाठवलं होतं. मुलीने मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरली होती.

"होईन ना मॅडम?" शिंप्याने विचारलं.

"हौ, दहा मिनिटं बसा," मी म्हटलं.

मी फायरवॉलच्या कीबोर्डवर बसले. त्या डब्यातून बाहेरची साइट व्यवस्थित उत्तर देत होती, म्हणजे लाइन ठीक होती. लॅबमधले कॉम्प्युटर डब्यापर्यंत पोचत होते, म्हणजे केबलही ठीक होती. डबाच कोणाला पुढे जाऊ देत नव्हता. आदल्या संध्याकाळी मी दोन नवे नियम घातले होते. त्यातच काहीतरी चुकलं असणार. मी एक काढला, काही नाही. दुसरा काढला, तरी नाही. मग जुने नियम एकेक करून वाचू लागले.

दोन वाजता सर आले.

"काहून नाही चालून राह्यलं?"

"पाहून राह्यली आहे सर."

"ते डबडं काढ अन् थेट जोड ना एक कॉम्प्युटर. पोरगी बसली आहे."

"दहा मिनिटं द्या सर, सापडलंच समजा."

सापडलं काहीच नव्हतं. थेट जोडायला पाच मिनिटं लागली असती, हे मलाही ठाऊक होतं. पण तो डबा काढला की सरांचंच खरं ठरलं असतं, आणि ते मला सहन होणार नव्हतं. म्हणून मी वाचत राहिले. अडवल्याच्या नोंदी पडद्यावरून सरसर खाली येत होत्या. मी प्रत्येक ओळीत फक्त कोणाला अडवलं तेच पाहत होते.

सव्वातीनला मुलगी उठून माझ्या मागे उभी राहिली. मी वळून पाहिलं तर तिचे ओठ सुकले होते. शेवटी तिने हळूच विचारलं, "मॅडम, नहीं होगा क्या?"

मी उठले. डब्यातून केबल उपसली आणि खिडकीजवळच्या कॉम्प्युटरला मोडेम थेट जोडला. साइट उघडली, पण फार सावकाश. फोटो चढवताना ती दोनदा अडकली. शिंपी हात जोडून पडद्याकडे पाहत होता. चारला बारा मिनिटं असताना फॉर्म गेल्याची पावती आली. प्रिंट हातात घेताच मुलगी मटकन खाली बसली आणि रडू लागली.

"मॅडम, तुमच्यामुळं झालं," शिंपी म्हणाला. मी मान खाली घालून नुसतं "हौ" म्हटलं. त्यांना बस गाठायची होती, ते लगबगीने गेले.

मग मी पुन्हा नोंदी उघडल्या. आता घाई नव्हती, म्हणून ओळीच्या सुरुवातीला नजर गेली. प्रत्येक नोंदीवर कित्येक वर्षांपूर्वीची एक जानेवारी होती, आणि सगळ्यात ताज्या नोंदीची वेळ पहाटे साडेतीनची. जुन्या मशीनमधला घड्याळाचा सेल संपला होता. वीज जाताच घड्याळ मागे गेलं होतं आणि साडेबाराला वीज आल्यावर मध्यरात्रीपासून मोजू लागलं होतं. मी महिन्यापूर्वी लिहिलेला एक नियम इंटरनेट फक्त दहा ते पाच चालू ठेवत असे. डब्याच्या हिशेबाने अजून उजाडलंच नव्हतं. केबल परत डब्यात लावली, तारीख-वेळ सुधारली आणि वीसही कॉम्प्युटर चालू झाले.

मी सरांच्या खोलीत जाऊन घड्याळाचं सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं.

"सेल बदलून घे," ते म्हणाले, "अन् थेट जोडायचं कसं ते कागदावर लिहून भिंतीवर लाव. तू नसशीन तेव्हा कोण जोडन?"

त्याच दिवशी मी तो कागद लावला. पण दोन वाजता जे करता आलं असतं ते सव्वातीनपर्यंत मी का केलं नाही, हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्या मुलीचा नंबर लागला की नाही, ते मला कधी कळलं नाही. परसवाड्याचं कोणी भेटलं की विचारावंसं वाटे, पण जीभ रेटत नसे.