काकांबरोबर सायकलवर जिंजी

चेन्नईहून सायकलवर जिंजीला जायचं असं मी ठरवलं नव्हतं. मी नुसतं बोलून गेलो होतो. तेही अड्यारला, वासंतीच्या घरी, तिच्या वडिलांसमोर, हातात वाफाळत्या कॉफीचा पेला धरून. लग्नाचं विचारायला गेलेला मुलगा पगार सांगतो, घरचं सांगतो. मी माझ्या अठरा गिअरच्या सायकलबद्दल सांगत बसलो. नदीखोऱ्यांतून, किल्ल्याकिल्ल्यांवरून माउंटन बायकिंग करतो, म्हटलं. खरं तर ती सायकल तोवर गिंडीचा पूल सोडून कुठलाही डोंगर चढली नव्हती.

वासंतीचे वडील माधवराव बँकेतून निवृत्त झालेले. घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारं. त्यांची मराठी ऐकून मला हसू येतं आणि माझी ऐकून त्यांना. मी सांगलीचा, गिंडीतल्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढतो.

माधवरावांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सायकल चालिवतां? बेस. जिंजी मी पाह्यलों नाही. पुढल्या शुक्रवारी निघूं. मी पण एतों."

"आणि काका, ते... वासंतीचं?"

"तें आल्यावर पाहूं," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

म्हणजे ही परीक्षा होती. आमच्याकडे मुलीला पोहे करायला लावतात, इथे मुलाला दीडशे किलोमीटर दामटवतात, एवढाच फरक.

शुक्रवारी पहाटे मी त्यांच्या दारात हजर. हेल्मेट, हातमोजे, काळा चष्मा, पाठीवर नळीतून पाणी प्यायची पिशवी. माधवराव आले ते काळी जुनी सायकल घेऊन. तिला घंटा, स्टँड, डायनॅमो आणि कॅरिअर. कॅरिअरवर पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, चार मजली डबा. डोक्यावर माकडटोपी. फेब्रुवारीत चेन्नईला जी थंडी पडते तिला सांगलीत उन्हाळा म्हणतात, पण मी बोललो नाही. परीक्षार्थीने परीक्षकाच्या टोपीवर बोलू नये.

जाणाऱ्यांसाठी सूचना: ताम्बरमच्या पुढपर्यंतचा हमरस्ता सायकलवर करू नका. ट्रक तुम्हाला ओव्हरटेक करत नाहीत, पुसून काढतात. सायकली बसच्या टपावर टाकून चेंगलपट्टूला उतरा आणि तिथून आत वळा. आम्ही ते केलं नाही, कारण मी आधीच फुशारकी मारून बसलो होतो. चेंगलपट्टूला इडली खाताना माझे हात थरथरत होते. माधवराव म्हणाले, "इंजिनच्या गाडीसारखी सायकल तुमची. हातांला पण हालिवते."

चेंगलपट्टूनंतर मात्र मजा आली. भाताची खाचरं, ताडाची झाडं, वाटेवर वाळत घातलेलं धान्य. आता पालार नदी दिसणार म्हणून मी उतावीळ झालो होतो. आम्ही कृष्णाकाठची माणसं, नदी म्हटलं की कान टवकारतात. तमिळमध्ये नदीला 'आरु' म्हणतात एवढं मला येत होतं, म्हणून एका बाईंना ऐटीत विचारलं, "आरु?" त्यांनी माझ्याकडे आणि सायकलकडे नीट बघून विचारलं, "काय आरु?" मी पुन्हा म्हटलं, "आरु, आरु!" बाईंनी मुकाट्याने टोपलीतले सहा पेरू मोजून माझ्या हातात दिले. नदीलाही आरु आणि सहालाही आरुच. माधवराव लांब उभे राहून हे पाहत होते. पेरू मात्र गोड निघाले.

पालार म्हणजे दुधाची नदी. दूध नव्हतं आणि पाणीही नव्हतं. तिरुमुक्कूडलला तीन नद्यांचा संगम आहे, देऊळ आहे, भाविक आहेत. फक्त नद्या तेवढ्या आलेल्या नव्हत्या. पलीकडच्या काठापर्यंत नुसती वाळू आणि तीही ट्रकांत भरून शहराकडे निघालेली. माझ्या कारखान्याची नवी इमारत कशातून उभी राहिली ते मला तिथे समजलं. जवळचा रस्ता म्हणून आम्ही पात्रातच घुसलो. कंपनीच्या पत्रकात 'कुठल्याही पृष्ठभागावर' असं छापलं होतं, पण माझे जाडे टायर वाळूत रुतले. माधवराव तर डब्यासकट आडवे झाले. मी धावलो. ते उठले, आधी डबा तपासला आणि मग गुडघा.

उत्तिरमेरूरला माझं चाक पंक्चर झालं. तिथल्या देवळाच्या भिंतींवर गावच्या निवडणुकीचे हजार वर्षांपूर्वीचे नियम कोरलेले आहेत, उमेदवार कसा असावा ते सगळं. मी ते श्रद्धेने पाहिले, कारण मीही उमेदवारच होतो. पंक्चरवाल्याने माझ्याकडे बोट करून माधवरावांना विचारलं, "यार सार, इवर?" म्हणजे, हे कोण?

"माप्पिळ्ळै," माधवराव म्हणाले.

मी चपापलो. हा शब्द मला चांगलाच ठाऊक होता. कारखान्यात फिटर सेल्वम रोज सकाळी माझ्या पाठीत थाप मारून "एन्ना, माप्ळे!" म्हणतो. म्हणजे, काय यार! म्हातारी माणसं तो शब्द लांबवून पूर्ण उच्चारत असावीत. होणारा सासरा मला यार म्हणतो याचा अर्थ काय घ्यायचा? सलगी म्हणून बरं वाटलं. पण थोड्या वेळाने वाटलं, जावयाला कोणी यार म्हणतं का? यार म्हणजे बरोबर सायकल चालवायला बरा, एवढंच.

पंक्चरवाल्याने मात्र मला खुर्ची दिली, गोळीसोडा पाजला आणि सायकलची सीट स्वतःच्या टॉवेलने पुसली. हेल्मेटचा प्रभाव, मला वाटलं.

संध्याकाळी वंदवासी. शाळेत ज्या वांदिवॉशच्या लढाईवर आपण हमखास मार्क गमावतो, ते हेच गाव. बसस्टँडजवळ साधा लॉज मिळाला. मॅनेजरनेही तोच प्रश्न विचारला, माधवरावांनी तेच उत्तर दिलं आणि आमच्या खोलीत कोरी चादर आली. खानावळीत तर कहर झाला. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम सगळ्यांना होतं. मला त्यावर दोनदा तूप आणि न मागता पायसम. स्वयंपाकघराच्या दारातून दोन बायका वाकून बघत होत्या. सायकलपटूंना ग्रामीण तमिळनाडूत फार मान आहे, असं मी त्या दिवशी मनात नोंदवलं. वाचकहो, हेल्मेट जरूर न्या.

दुसऱ्या दिवशीचा वंदवासी ते जिंजी रस्ता या प्रवासातला सगळ्यात सुंदर. दोन्ही बाजूंना चिंचा, भुईमुगाची शेतं आणि मधूनच गोट्या रचून ठेवल्यासारखे दगडांचे डोंगर. माझा अठरापैकी एकच गिअर आता पडत होता. माधवराव पुढे निघून गेले. एका शाळेसमोर मी जोरात ओरडलो, "काका! काका!" शाळेच्या सगळ्या मुलींनी माना वर करून झाडाकडे पाहिलं आणि मग खिदळायला लागल्या. एकीने तर काव काव केलं.

माधवराव थांबले. "तमिळांत काका म्हणजे कावळा," ते म्हणाले. "कालपासून मी उगेच आहे, बोललों नाही. सोसतों."

जिंजीचे किल्ले तीन टेकड्यांवर आहेत. महाराष्ट्रावर संकट आलं तेव्हा मराठ्यांचं राज्य इथून चालायचं. वर्षानुवर्षं वेढा पडला तरी हे दगड हलले नाहीत, आणि आम्ही दोघं मात्र पायऱ्या सुरू होताच फुटक्या भात्यासारखे वाजायला लागलो. अर्ध्यावर माधवराव एका दगडावर बसले. पुळियोदरै उघडली, पहिला घास माकडाने नेला, दुसराही त्यानेच नेला. मग डबाच आम्ही त्याला देऊन टाकला.

बराच वेळ ते खाली पसरलेल्या शेतांकडे पाहत राहिले. "आमचें लोक सैन्याबरोबर या वाटेनं आले म्हणतात," ते म्हणाले. "मग कोणी परत गेलेच नाहींत. लहानपणापासून हा डोंगर पाहूं म्हणून होतं. मराठी बोलणारं माणूस सोबत पाहिजे होतं." मला एकदम भरून आलं. तीनशे वर्षं ही माणसं इकडे मराठी बोलत बसली आहेत आणि मी त्यांच्या क्रियापदांना हसतो.

मग ते माझ्याकडे वळले. "तर माप्पिळ्ळै, अत्ता काय सांगालांत?"

पुन्हा यार! माझा चेहरा पडला. विचारायचं धाडसच होईना. मी म्हटलं, "छान आहे किल्ला."

माधवरावांनी क्षणभर पाहिलं. "हौ," ते म्हणाले. "किल्ला बेस आहे." आणि पायऱ्या उतरायला लागले.

परतीचा प्रवास बसने केला, सायकली टपावर. ते खिडकीबाहेर पाहत होते आणि मी समोरच्या सीटकडे. अड्यारला दारात मी म्हटलं, "येतो काका." त्यांनी मान हलवली आणि दार लावलं. कॉफीसुद्धा विचारली नाही. मी घरी येऊन अंघोळ केली आणि पुण्याच्या ऑफिसात बदली मिळेल का याचा विचार करत पडलो.

सोमवारी दुपारी वासंतीचा फोन आला. आवाज रडवेला. "तुला लग्न करायचं नव्हतं तर माझ्या बाबांना एवढं फिरवलंस कशाला?"

"मी? अगं, त्यांनीच मला नाकारलं! दोन्ही दिवस यार यार करत होते."

"यार? बाबा?"

"माप्पिळ्ळै. येईल त्याला सांगत होते."

मग ती म्हणाली, "माप्पिळ्ळै म्हणजे जावई रे!"

"सेल्वम मला रोज म्हणतो."

"सेल्वम थट्टेनं म्हणतो! दोस्त दोस्ताला म्हणतात तसं. बाबा पंक्चरवाल्यापासून खानावळीपर्यंत सगळ्यांना जावई म्हणून तुझी ओळख करून देत होते. किल्ल्यावर तोंडावर विचारलं, तर तू म्हणालास किल्ला छान आहे! बाबा म्हणतायत, मुलाच्या मनांत नाही, उगे सोडूं."

तूप, पायसम, कोरी चादर, वाकून बघणाऱ्या बायका, सगळं एकदम डोक्यात शिरलं. हेल्मेटकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "पण मग परीक्षा?"

"कसली परीक्षा? त्यांना जिंजी बघायची होती आणि आई एकट्यांना सोडत नव्हती. तुझं तर तू कॉफी प्यायला आलास तेव्हाच ठरलं होतं."

गिंडी ते अड्यार रस्ता मी त्या दुपारी कुठल्या गिअरमध्ये कापला ते आठवत नाही. सायकलला स्टँड नाही, म्हणून ती दारात तशीच आडवी टाकली आणि आत जाऊन सरळ माधवरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो, मामंजी," म्हटलं. आमच्याकडे जुन्या पद्धतीने सासऱ्याला मामंजी म्हणतात. त्यांच्याकडेही तेच म्हणतात, हे मला नंतर कळलं.

त्यांनी मला उठवलं. मग आत पाहून हाक मारली, "अगो, काप्पी आण. कावळा गेला, मामंजी झालों."

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जिंजीला जायचं ठरतंय. तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यातच जा, पाणी भरपूर न्या आणि जेवणाचा डबा माकडांना दाखवू नका. हेल्मेटचं मी वर लिहिलं आहे ते डोक्याच्या रक्षणासाठी म्हणून घ्या, मानासाठी नको. आणि हो, गेल्या रविवारी मी माझ्या अठरा गिअरच्या सायकलला कॅरिअर बसवून घेतलं. दुकानदार म्हणाला, याने सायकलची शोभा गेली. वासंती मागे बसली आणि म्हणाली, चल, माप्ळे.