लॅपटॉपची खोळ

वर्ध्याच्या आमच्या घरात टीव्हीला, मिक्सरला, शिलाई मशीनलाही आईने शिवलेली खोळ असायची. मी लॅपटॉप आणला, तेव्हा लगेच त्यालाही एक घट्ट, फुलाफुलांची खोळ मिळाली. तेव्हापासून रोज सकाळी वायफाय बंद. मीही हट्टाला पेटलो. राउटर कपाटावर चढवला, पासवर्ड बदलून पाहिला, लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदाराशी भांडून आलो. काही उपयोग नाही. एका संध्याकाळी आई खोळ चढवत होती आणि मी बघत बसलो होतो, तेव्हा उलगडा झाला. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला वायफायचं बारीकसं सरकतं बटण होतं. खोळ ओढली की ते सरकून बंद व्हायचं.

"याले आता खोळ घालू नको," मी चिडून म्हणालो.

"काऊन? धूळ का तुले इचारून येते?"

तिने कात्री घेतली, बटणाच्या जागी खोळीला भोक पाडलं आणि कडा दुमडून शिवल्या. त्यानंतर वायफाय एकदाही बंद झालं नाही. मी राउटर कपाटावरून खाली उतरवला. दुसऱ्या दिवशी त्यालाही खोळ होती. अँटेनासाठी भोक तिने आधीच ठेवलं होतं.