कोल्ड स्टोरेजमधला खोटा आकडा

दादाला मी कारखान्यात नको होते आणि त्यानं ते कधी लपवलंही नाही. सातपूरचा आमचा गाळा वडिलांनी उभा केलेला. त्यांची नजर अधू झाल्यावर दादा तो बघायला लागला. मी पुण्याची नोकरी सोडून आले तेव्हा त्यानं मला कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. म्हणाला, "प्रोग्रॅम लिही. सर्किटमध्ये नाक खुपसू नकोस."

आम्ही द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी तापमान सांभाळणारे कंट्रोलर बनवायचो. त्यातल्या सेन्सरचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, थंडीत वाढतो. तो मोजायला दादानं साधी वाट काढली होती. सेन्सरमधून एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, भरू द्यायचा आणि तो ठरावीक व्होल्टेजपर्यंत यायला किती वेळ लागला ते मायक्रोकंट्रोलर चिपनं मोजायचं. वेळ जास्त लागला म्हणजे रेझिस्टन्स जास्त, म्हणजेच थंडी जास्त.

सुरुवातीला आकडा उड्या मारायचा. मोजणी चालू असताना चिपला दुसऱ्या कामाला हात लावू द्यायचा नाही, दर खेपेला कपॅसिटर पुरता रिकामा करून मगच भरायचा, असं एकेक करत मी तो जागेवर आणला. दादानं कौतुक केलं नाही, पण टोमणे मारायचं थांबवलं. तरी मला धाकधूक होती. आकडा हलत नाही म्हणजे तो बरोबर आहे असं थोडंच? मी म्हटलं, "अख्खं युनिट एकदा थंडीत ठेवून बघूया."

"टेबलावर बरोबर येतंय ना? मग माल जाऊ दे."

माल गेला. आणि ऐन हंगामात निफाडहून फोन आला.

तिथल्या बागाईतदारानं आमचा कंट्रोलर कोल्ड रूमच्या आत, दाराशेजारच्या भिंतीवर बसवला होता. आम्ही पोचलो तेव्हा त्यानं पंख्यासमोरची पेटी उघडून एक घड माझ्या हातात ठेवला. मणी काचेच्या गोट्यांसारखे टणक झाले होते.

"ताई, तुमचं यंत्र लय खोटं बोलतंय," तो म्हणाला. "आत बरफ व्हायची येळ आली, अन् ते म्हणतंय अजून गरम हाय. कंप्रेसर थांबायचं नावच नाय."

मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "सॉफ्टवेअर हिचं आहे. तिथंच घोळ असणार."

हातातला घड मी पेटीत परत ठेवला. बोटं बधिर झाली होती आणि कान तापले होते. परक्या माणसासमोर भांडायचं नाही एवढं एकच भान उरलं होतं. गाडी हायवेला लागली आणि मी तोंड उघडलं.

"तपासलं होतंस? काय म्हणून माझं नाव घेतलंस?"

"मग कुणाचं घेऊ? मोजतं कोण? तुझाच प्रोग्रॅम ना?"

"मोजतो माझा प्रोग्रॅम. पण ज्याच्या भरवशावर मोजतो तेच बदलत असलं तर?"

"पुण्याहून आल्यापासून तुझं हेच. सगळ्यांना अक्कल शिकवायची."

पुढे सातपूरपर्यंत त्यानं हॉर्न वाजवत गाडी पळवली.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यातल्या फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या बाहेर काढल्या आणि कंट्रोलरचा बोर्ड आत ठेवला. सेन्सरऐवजी साधा रेझिस्टर लावला आणि तो लांब वायरीनं बाहेर, टेबलावरच ठेवला. तो ना तापत होता, ना गार होत होता. आकडा हलायचं कारणच नव्हतं. तरी बोर्ड जसजसा गार होत गेला तसतसा मोजलेल्या वेळेचा आकडा खाली घसरू लागला. मग बोर्ड बाहेर काढून सोल्डरिंगची तापलेली सळई कपॅसिटरच्या नुसती जवळ नेली. आकडा वर चढला.

"बघ," मी म्हटलं. "थंडीत तुझ्या कपॅसिटरमध्ये वीज कमी मावते. लवकर भरतो, वेळ कमी लागतो आणि यंत्राला वाटतं खोली गरम आहे."

दादा म्हणाला, "बोर्ड छापून पडलेत. आता कपॅसिटर बदलता यायचा नाही."

"बदलू नकोस. एक पक्का रेझिस्टर जोड, ज्याची किंमत थंडीत हलत नाही. त्याच कपॅसिटरनं आधी तो मोजायचा, लगेच सेन्सर मोजायचा आणि एकाला दुसऱ्यानं भागायचं. कपॅसिटर कितीही खोटा असो, दोघांशी सारखाच खोटा वागेल. भागाकारात तो निघून जातो."

"वरून वायरी लोंबणारा माल माझ्या गाळ्यातून जाणार नाही."

"मग द्राक्षं गोठू देत," मी म्हटलं आणि त्याच्यासमोर चिपच्या मोकळ्या पिनेवर रेझिस्टर सोल्डर करायला बसले. बाहेर जाताना त्यानं इतक्या जोरात हात आपटला की शटर हादरलं.

तो बोर्ड घेऊन मी निफाडला एकटीच गेले. मी तो कंट्रोलरमध्ये बसवला, बागाईतदारानं सेन्सरजवळ काचेचा थर्मामीटर टांगला आणि आम्ही दाराबाहेर थांबलो. पुन्हा आत जाऊन बघितलं तर दोन्ही आकडे जुळत होते. कंप्रेसर आपोआप बंद झाला. "आता खरं बोलतंय," तो म्हणाला. पण गोठलेल्या पेट्यांची आठवण त्याच्या चेहऱ्यावरून गेली नव्हती. त्यानं चहाचंही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी घरी वडिलांनी आवाजाच्या रोखानं मान वळवून विचारलं, "चूक सापडली का?"

"सापडली," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"मग आता कशावरून धुसफूस चाललीय?"

दादा ताटावरून उठला. मी जेवत राहिले.

पुढच्या खेपेचे बोर्ड आले तेव्हा त्या रेझिस्टरची जागा त्यावर रीतसर छापलेली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. दादा एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "मीच सुचवलं. आधीच्या प्रोग्रॅममध्ये गडबड होती." मी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं माझ्याकडे बघत बघतच वाक्य पुरं केलं.

मी माझा मीटर आणि लॅपटॉप उचलला आणि बाहेर पडले. आता त्याच औद्योगिक वसाहतीत, मागच्या गल्लीत माझा स्वतःचा छोटा गाळा आहे. नाक्यावरच्या टपरीवर दादा दिसतो. मी गेले की तो अर्धा चहा तसाच ठेवून निघून जातो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.